सर जॉन माल्कम : कूळ, कारकीर्द आणि आठ लाखांचा करार



तुमच्यापैकी अनेकजण महाबळेश्वरला जाऊन आला असाल. तेथील बाजाराच्या वस्तीला जुन्या कागदपत्रांत माल्कम पेठ असे नाव आढळते. मुंबईत जुन्या टाउन हॉलमध्ये, म्हणजे आजच्या एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत गेलात, तर या माल्कमचा संगमरवरी पुतळाही दिसेल. तो १८२७ ते १८३० या काळात मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता, एवढी माहिती बहुतेक पुस्तकांत मिळते. पण मराठी वाचकाचे त्याच्याशी असलेले नाते त्या तीन वर्षांपुरते नाही. जून १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने पुण्याच्या राज्यावरचा हक्क सोडला, तो याच माणसासमोर. महिदपूरला होळकरांची फौज मोडली, तीही याच्या नेतृत्वाखाली. आणि अहिल्याबाई होळकरांच्या राज्यकारभाराचे सविस्तर व आदरयुक्त वर्णन इंग्रजी वाचकापुढे प्रथम ठेवले, तेही यानेच. या तीन गोष्टी एकाच माणसाच्या हातून कशा घडल्या, हे समजून घेण्यासाठी त्याच्या घराण्यापासून सुरुवात करावी लागते.

स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवर, इंग्लंडला लागून डम्फ्रीसशायर नावाचा परगणा आहे. त्यात एस्क नदीचे खोरे आहे. उतारावर गवत, गवतावर मेंढ्या, आणि मेंढ्यांवर माणसांचा संसार, असा हा प्रदेश. जॉनचे आजोबा रॉबर्ट माल्कम हे या भागातील यूज या गावी धर्मोपदेशक होते. उत्पन्नाला जोड म्हणून त्यांनी बर्नफुट येथील शेत खंडाने घेतले, आणि माल्कम घराणे तेथे रुजले. लक्षात घ्या, हे जमीनदार घराणे नव्हते. दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारे, पण लिहिता-वाचता येणारे आणि गावात मान असलेले हे कुटुंब होते. आपल्याकडच्या एखाद्या जोशी-कुलकर्णी घराण्याने वृत्ती सांभाळून थोडी शेतीही करावी, तसा काहीसा हा प्रकार म्हणता येईल.

रॉबर्ट यांचा मुलगा जॉर्ज माल्कम हा जॉनचा पिता. त्याची पत्नी मार्गारेट पॅस्ली. या दांपत्याला सतरा अपत्ये झाली, दहा मुलगे आणि सात मुली. जॉन हा चौथा मुलगा, जन्म २ मे १७६९. (ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून पुढे प्रसिद्धीस आलेला आर्थर वेलस्ली आणि नेपोलियन हे दोघेही याच वर्षी जन्मले. यांपैकी पहिल्याशी जॉनची आयुष्यभराची मैत्री झाली. दुसऱ्याशी त्याच्या भावाची गाठ कशी पडली, ते पुढे येईलच.) जॉर्ज माल्कम हा सचोटीचा, पण व्यवहारात फसलेला गृहस्थ होता. शेतीबाहेरच्या एका व्यापारी उलाढालीत त्याने पैसा गुंतवला, तो बुडाला, आणि घरावर मोठे कर्ज झाले. सतरा मुले, खंडाची जमीन आणि डोक्यावर देणे, अशा घरात मुलांना लवकर बाहेर काढण्याखेरीज दुसरा उपाय नव्हता.

येथे आईचे माहेर उपयोगी पडले. मार्गारेटचा एक भाऊ थॉमस पॅस्ली आरमारात होता आणि पुढे ॲडमिरल झाला. दुसरा भाऊ लंडनमध्ये व्यापारी होता. या मामांच्या वशिल्याने भाच्यांच्या वाटा ठरल्या. पुल्टनी आणि चार्ल्स आरमारात गेले, जेम्स आरमारी सैन्यात शिरला, थोरला रॉबर्ट कंपनीच्या नोकरीत मद्रासकडे गेला. जॉनचीही रवानगी कंपनीकडेच झाली. कंपनीच्या संचालकांसमोर या बारा वर्षांच्या मुलाला उभे केले गेले तेव्हाची हकीकत प्रसिद्ध आहे. हैदरअली समोर आला तर काय करशील, असे त्याला विचारण्यात आले. तलवार उपसून त्याचे डोके उडवीन, असे त्याने बेधडक सांगितले, आणि तेवढ्यावर त्याची निवड झाली. आज आपल्याला ही गोष्ट गमतीची वाटेल, तशीच भीतिदायकही. ज्या देशाचे नाव पोराने नुकतेच ऐकले होते, तेथील राजाचे डोके उडवण्याची भाषा ही नोकरीची पात्रता ठरत होती.

शाळेतल्या जॉनविषयी एक आठवण सांगण्यासारखी आहे. गावच्या शाळेचे मास्तर आर्चिबाल्ड ग्रॅहॅम यांचा असा पक्का समज होता, की शाळेत कोणताही उपद्व्याप झाला तरी त्याच्या मुळाशी जॉकच, म्हणजे जॉनच असणार. कित्येक वर्षांनी जॉनने इराणचा मोठा इतिहास लिहिला तेव्हा त्याची एक प्रत या वृद्ध गुरुजींना पाठवली, आणि आत आपल्या हाताने लिहिले, की याच्याही मुळाशी जॉकच आहे. याच परिसरात, वेस्टरकर्क येथे, एका मेंढपाळाच्या घरी थॉमस टेल्फर्ड हा विख्यात रस्ते-पूल बांधणारा अभियंता जन्मला होता. लहान गावे मोठी माणसे बाहेर पाठवतात. मात्र त्या काळी ती पाठवण्यासाठी स्कॉटलंडला जे साम्राज्य उपलब्ध झाले होते, त्याची किंमत दुसरेच कोणी देत होते.

एप्रिल १७८३ मध्ये जॉन मद्रासला उतरला. तेव्हा त्याला चौदावे वर्षही पूर्ण झालेले नव्हते. पुढच्या वर्षी टिपूशी तह झाला आणि कैद्यांची अदलाबदल ठरली. सुटून येणाऱ्या इंग्रज कैद्यांना ताब्यात घेण्यासाठी जी तुकडी गेली, तिच्या पुढे तट्टावर बसलेला एक गोरागोमटा पोरगा पाहून समोरच्या अधिकाऱ्याने चौकशी केली, की तुझा सेनानायक कोठे आहे. आपणच तो सेनानायक, असे पोराने उत्तर दिले.

पण या धिटाईची दुसरी बाजूही होती. छावणीत हाती पैसा आला की उडवायचा, संपला की उसनवारी करायची, असे जॉनचे सुरुवातीचे दिवस गेले. कर्जापायी बापाचे घर बसलेले ज्याने पाहिले होते, तोच मुलगा कर्जात बुडाला. पगार देणेकऱ्यांकडे जाई आणि जेवणाची भ्रांत पडे. अशा वेळी पलटणीच्या बाजारातील एका वृद्ध देशी बाईने त्याला उधारीवर शिधा दिला. सवडीने पैसे दे, असे तिचे म्हणणे होते. पुढे बरे दिवस आल्यावर माल्कमने ते देणे तर फेडलेच, शिवाय त्या बाईला तहहयात वेतन बांधून दिले. त्या बाईचे नाव इतिहासाने नोंदवलेले नाही. तरीही ही बारीकशी घटना तुम्ही ध्यानात ठेवा. उपकाराची आणि शब्दाची परतफेड वर्षासनाने करण्याची सवय या माणसाला तरुणपणीच लागली होती, आणि पुढे हीच सवय एका राज्याच्या बाबतीत दिसणार होती.

श्रीरंगपट्टणच्या पहिल्या मोहिमेच्या काळात त्याला आणखी एक गोष्ट उमगली. नुसत्या तलवारीने बढती मिळते ती कॅप्टन-मेजरपर्यंत. दरबारात वकील म्हणून बसायचे तर फारसी यायला हवी. नोकरी सांभाळून शिकणे किती कठीण असते, हे तुम्हाला कोणी सांगायला नको. तेरा वर्षांच्या आत शाळा सुटलेल्या या तरुणाने छावणीतल्या धकाधकीत मुनशी ठेवून फारसीचा अभ्यास केला. १७९२ मध्ये निजामाकडील फौजेबरोबर फारसी दुभाषा म्हणून त्याची नेमणूक झाली आणि त्याच्या आयुष्याची दिशा बदलली. १७९८ मध्ये हैदराबादेत निजामाच्या पदरी असलेली फ्रेंच अधिकाऱ्यांची फौज मोडीत काढण्याचे काम त्याच्याकडे आले. खवळलेल्या शिपायांनी त्याला घेरले, तेव्हा पूर्वी त्याच्याच पलटणीत असलेल्या काही शिपायांनी त्याला त्या गर्दीतून सोडवले. पुढल्या वर्षी श्रीरंगपट्टण पडले, आणि गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली याने त्याला इराणला वकील म्हणून धाडले. त्या वकिलातीचा थाटमाट आणि खर्च हा पुढे टीकेचा विषय झाला. तीन वेळा तो इराणला गेला. त्यातली मधली खेप फसली. इराणात बटाट्याची लागवड त्यानेच रूढ केली अशी आख्यायिका आहे, आणि तेथे बटाट्याला काही काळ माल्कमचे आलुबुखार म्हणत असत.

आता आपण मराठी मुलखाकडे येऊ. १८०३ मध्ये वसईच्या तहानंतर आर्थर वेलस्ली बाजीरावाला पुन्हा पुण्याच्या गादीवर बसवायला निघाला, तेव्हा माल्कम त्याच्याबरोबर होता. बाजीरावाची आणि त्याची ओळख झाली ती या वेळी. असईच्या लढाईला मात्र तो मुकला. तो आजारी पडून मुंबईकडे गेला होता, आणि ही हळहळ त्याला जन्मभर पुरली. शिंद्यांशी पुढील तह बुऱ्हाणपूर येथे फेब्रुवारी १८०४ मध्ये त्यानेच केला.

त्या तहाबरोबर एक वाद उद्भवला. ग्वाल्हेरचा किल्ला आणि गोहदचा मुलूख कोणाचा? तहाच्या शब्दांचा कीस काढला तर तो शिंद्यांकडून काढून घेता येत होता, आणि लॉर्ड वेलस्लीला तेच हवे होते. माल्कमचे मत पडले, की वाटाघाटी करताना शिंद्यांच्या वकिलांची जी समजूत झाली होती आणि आपण जी होऊ दिली होती, तिला धरून किल्ला त्यांच्याकडेच राहिला पाहिजे. शब्दच्छलाने मिळवलेला किल्ला ही मिळकत नव्हे, ती पत घालवणे आहे, अशी त्याची भूमिका होती. आर्थर वेलस्लीही याच मताचा होता. पण गव्हर्नर जनरल संतापला. ज्याने आपल्याला वर आणले, त्याचीच खप्पामर्जी माल्कमने ओढवून घेतली. त्याने हुकूम मानला, मत मात्र बदलले नाही. दीड-दोन वर्षांत धोरण पालटले, आणि १८०५ च्या तहान्वये ग्वाल्हेर व गोहद शिंद्यांना परत मिळाले. तो तहही माल्कमच्याच हातून झाला.

या प्रसंगावरून तो मराठ्यांचा मित्र होता, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नका. इंग्रजी सत्ता भारतभर पसरावी, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. त्याचे म्हणणे एवढेच होते, की मूठभर परक्यांचे राज्य या देशात टिकेल ते त्यांच्या शब्दावर लोकांचा विश्वास आहे तोवरच. नीती आणि हिशेब त्याच्या ठिकाणी एकमेकांत इतके मिसळलेले होते, की ते वेगळे करणे त्यालाही जमले नसावे.

१८०७ मध्ये म्हैसूर येथे त्याचा शार्लट कॅम्बेलशी विवाह झाला. १८१२ ते १८१६ ही वर्षे त्याने बहुतांशी इंग्लंडमध्ये काढली. इराणचा इतिहास १८१५ मध्ये प्रसिद्ध झाला, ऑक्सफर्डने पदवी दिली. जेम्स, पुल्टनी आणि जॉन हे तिघे भाऊ सर झाले. पुढे चार्ल्सलाही तो किताब मिळाला आणि एस्कडेलचे हे चार सरदार त्यांच्या मुलखात कौतुकाचा विषय होऊन बसले. पुल्टनी तर सेंट हेलेना बेटावरील आरमाराचा प्रमुख झाला, आणि तेथे कैदेत असलेल्या नेपोलियनशी त्याचे चांगले जमले. देण्यापायी खचलेले बर्नफुटचे घर मुलांच्या कमाईने सावरले. ती कमाई समुद्रापलीकडून आली होती.

१८१७ मध्ये माल्कम पुन्हा हिंदुस्थानात आला, आणि येथे त्याच्या हातून एक मोठी चूक झाली. ऑगस्टमध्ये साताऱ्याजवळ माहुलीला बाजीरावाने त्याला भेटीला बोलावले. त्याच वर्षीच्या जूनमधल्या तहाने आपला किती अपमान झाला, हे बाजीरावाने त्याला सांगितले. जुनी ओळख, गोड बोलणे आणि डोळ्यांत पाणी. माल्कम विरघळला. पेंढाऱ्यांविरुद्ध इंग्रजांना मदत करण्यासाठी पेशव्याने फौज जमवावी, असा सल्ला त्याने दिला. पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन मात्र सावध होता. पेशव्याने फौज खरोखरच जमवली. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला ती कोणावर चालून गेली, हे तुम्ही इतिहासात वाचलेच आहे. दरबारी मुत्सद्दी म्हणून नावाजलेला माणूस माहुलीत सपशेल फसला. मराठी वाचकाने येथे थोडे समाधान मानले, तर त्याला दोष देता येणार नाही.

त्यानंतर घटना वेगाने घडल्या. २१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रेच्या काठी महिदपूर येथे होळकरांच्या फौजेशी लढाई झाली. मुख्य सेनापती हिस्लॉप असला तरी नदी ओलांडून तोफांवर चालून जाण्याचे नेतृत्व माल्कमचे होते. इंग्रजांकडील सुमारे ८०० माणसे मेली वा जखमी झाली, यावरून होळकरांच्या गोलंदाजांनी किती चिवट झुंज दिली हे कळते. लढाईच्या आदल्याच दिवशी होळकरांच्या छावणीत त्यांच्याच लोकांनी तुळसाबाईंचा वध केला होता. गादीवर बालक मल्हारराव होते. जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला.

बाजीराव मात्र अजून मोकळा होता. फेब्रुवारीत आष्टीला बापू गोखले पडले, त्यानंतर तो विदर्भ, खानदेश असा फिरत मे महिन्यात अशीरगडाच्या आसऱ्याला आला. मागे जनरल डव्हटनची फौज, पुढे नर्मदेचे घाट रोखलेले. त्याने वकील पाठवले ते माल्कमकडे. १ जूनला खेरी येथे भेट झाली. बाजीराव त्याला म्हणाला, की माझे तीन जुने स्नेही होते. त्यांपैकी क्लोज वारला, वेलस्ली दूर देशी आहे, आता तू एकटाच उरलास. माहुलीचा अनुभव ताजा असताना हे ऐकणारा माणूस हसला असता, किंवा चिडला तरी असता. माल्कमने दोन्ही केले नाही. त्याने मुदत घातली. ३ जूनला, बरीच चालढकल करून, बाजीराव त्याच्या छावणीत आला.

करार काय होता? पुण्याच्या राज्यावरील हक्क बाजीरावाने स्वतःसाठी व वारसांसाठी सोडायचा, दक्षिणेत पुन्हा पाऊल ठेवायचे नाही, उत्तरेत कंपनी ठरवील तेथे राहायचे. त्याच्या पदरच्या निष्ठावंतांचा, ब्राह्मणांचा आणि देवस्थानांचा योग्य विचार व्हायचा. आणि बाजीरावाला त्याच्या व त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहासाठी सालिना तनखा मिळायचा. रक्कम गव्हर्नर जनरलने ठरवायची, पण ती आठ लाख रुपयांहून कमी असणार नाही, याची जबाबदारी माल्कमने स्वतःवर घेतली. या कलमातील दोन गोष्टी अधोरेखित करून ठेवा. एक, आठ लाखांचा आकडा वरिष्ठांनी दिलेला नव्हता, तो माल्कमचा होता. दुसरी, निर्वाह कोणाचा, तर बाजीरावाचा आणि त्याच्या कुटुंबाचा, असे तेथे लिहिले होते.

गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जला हा आकडा अवाच्या सव्वा वाटला. चोहोंकडून कोंडलेल्या माणसाला इतके देण्याची गरजच काय, असा त्याचा आक्षेप होता. माल्कमने खुलासा केला. पावसाळा तोंडावर होता. अशीरगडासारखा किल्ला पाठीशी असताना पेशवा निसटता, तर आणखी एक मोसम मोहीम चालवावी लागती, आणि तिचा खर्च तनख्याहून कितीतरी अधिक झाला असता. शिवाय ज्याच्या नावाने एवढा मोठा मुलूख चालत आला, त्याला दरिद्री करून सोडले तर जिंकलेले लोक आपल्याकडे कोणत्या नजरेने पाहतील? एल्फिन्स्टन, मन्रो, ऑक्टरलोनी या अनुभवी अधिकाऱ्यांनी त्याची बाजू घेतली. हेस्टिंग्जने कुरकुरत शब्द पाळला.

पुढची तीन वर्षे माळव्यात गेली. माझ्या मते त्याच्या आयुष्यातील सर्वांत समृद्ध काळ हाच. लुटीने उजाड झालेला तो प्रदेश, घरी परतू पाहणारे शेतकरी, शरण आलेले पेंढारी, गढ्यांमधले रुसलेले ठाकूर. माल्कमच्या तंबूचे चारही दरवाजे सर्वांना खुले असत. ज्याला गाऱ्हाणे सांगायचे त्याने मधल्या माणसाला न गाठता थेट यावे, असा त्याचा शिरस्ता होता. होळकरांचे दिवाण तात्या जोग यांच्याशी त्याचे चांगले जुळले, आणि इंदूरचा विस्कटलेला कारभार मार्गी लागला.

याच काळात त्याने मध्य हिंदुस्थानविषयीच्या आपल्या ग्रंथाची सामग्री गोळा केली. तो ग्रंथ १८२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील अहिल्याबाई होळकरांवरील भाग मराठी विद्यार्थ्याने अवश्य माहीत करून घ्यावा. अहिल्याबाईंना जाऊन तेव्हा पंचवीस वर्षेही झाली नव्हती. त्यांचा दरबार पाहिलेली माणसे हयात होती. माल्कमने होळकरांच्या नोकरांनी सांगितलेल्या स्तुतीवर विसंबणे टाळले. इतर ठिकाणी, इतर जातीजमातींच्या लोकांत चौकशी केली, आणि जितके खोल जावे तितका आदर वाढतो, असा अनुभव नोंदवला. त्यांचा दिनक्रम, रोज उघड दरबारात स्वतः फिर्यादी ऐकण्याची पद्धत, हलका सारा, दूरदूरच्या तीर्थक्षेत्री केलेला दानधर्म हे सारे त्याने तपशिलाने लिहिले. ज्या घराण्याची फौज त्याने महिदपूरला मोडली, त्याच घराण्यातील राज्यकर्तीपुढे त्याची लेखणी नम्र होते. यात विजेत्याचे औदार्य किती आणि इतिहासकाराचा प्रामाणिकपणा किती, याचा विचार तुम्ही स्वतंत्रपणे करा. माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे. चौकशीची ती पद्धत स्तुतीपाठकाची नाही.

बढतीच्या बाबतीत मात्र निराशा झाली. १८१९ मध्ये मुंबईची गव्हर्नरी त्याच्याहून दहा वर्षांनी लहान असलेल्या एल्फिन्स्टनला मिळाली, तर पुढल्या वर्षी मद्रासची मन्रोला. दोघेही त्याचे स्नेही, दोघांच्याही योग्यतेबद्दल त्याला आदर, तरीही तो मनातून दुखावला आणि मायदेशी परतला. हवे होते ते पद हाती आले तेव्हा त्याने साठीकडे वाटचाल सुरू केली होती. १ नोव्हेंबर १८२७ रोजी तो मुंबईचा गव्हर्नर झाला.

मुंबईत त्याची पहिली झुंज झाली ती इंग्रज न्यायाधीशांशीच, आणि तिचे कारण पुण्यातले. मोरो रघुनाथ नावाचा एक मुलगा पुण्यात त्याचे वडीलधारे आप्त पांडुरंग रामचंद्र ढमढेरे यांच्या ताब्यात होता. ढमढेरे हे शेवटच्या पेशव्याच्या नात्यातले सरदार. मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने या मुलाला हजर करा, असा हुकूम काढला. पुण्यातील सरदारावर मुंबईच्या कोर्टाचा अधिकार चालत नाही, असे सरकारचे म्हणणे. माल्कमने हुकमाची अंमलबजावणी होऊ दिली नाही. दोन न्यायाधीश १८२८ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने वारले. उरलेल्या सर जॉन पीटर ग्रँटने रागाच्या भरात १८२९ मध्ये काही काळ कोर्टच बंद ठेवले. लंडनमध्ये निकाल सरकारच्या बाजूने लागला. तेथील मंत्री लॉर्ड एलेनबरो याने माल्कमला खाजगी पत्र लिहिले, की नवे दोन न्यायाधीश पाठवतो, मग ग्रँट म्हणजे दोन माणसाळलेल्या हत्तींमध्ये बांधलेला रानहत्ती होईल. हे पत्र फुटले आणि मोठाच गहजब झाला. या वादात कोणाची बाजू न्यायाची, हे ठरवणे सोपे नाही. कोर्ट एका मुलाच्या स्वातंत्र्याविषयी बोलत होते. माल्कम दख्खनच्या सरदारांना दिलेल्या मानमरातबाविषयी बोलत होता, आणि त्याच वेळी आपल्या अधिकारावर न्यायालयाचा लगाम नको, असेही म्हणत होता.

त्याच्या कारकिर्दीतील बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगता येतील. त्याला मुळात पाठवले होते ते खर्चाला कात्री लावण्यासाठी, आणि ती त्याने लावली. त्यामुळे तो गोऱ्या नोकरवर्गात अप्रिय झाला. महाबळेश्वरला आजारी सैनिकांसाठी आरोग्यस्थान उभे केले. त्यासाठी लागणारी जागा साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी १८२९ मध्ये दिली आणि मोबदल्यात वाई भागातील खंडाळा हे गाव घेतले. २० मार्च १८३० रोजी ह्यू लिंडसे ही आगबोट मुंबईहून सुएझकडे निघाली. या कामी कंपनीच्या मुंबईतील आरमाराचा प्रमुख असलेला त्याचा भाऊ चार्ल्स याचा हात होता. १० नोव्हेंबर १८३० रोजी बोरघाटाचा गाडीरस्ता माल्कमने खुला केला. तोवर घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून कोकणात उतरत असे. आता गाड्या थेट जाऊ लागल्या. तुम्ही खंडाळ्याच्या घाटातून प्रवास करता तेव्हा त्या जुन्या रस्त्याच्या परिसरातूनच जात असता. डिसेंबरमध्ये तो निघाला, तोही ह्यू लिंडसेनेच.

इंग्लंडात तो पार्लमेंटमध्ये गेला, मताधिकार वाढवणाऱ्या सुधारणा विधेयकाला त्याने विरोध केला, आणि त्यात त्याचा पक्ष हरला. जन्मभर नव्या प्रजेच्या जुन्या चालीरीती सांभाळाव्यात असे सांगणारा हा माणूस घरच्या राजकारणातही जुन्याचाच कैवारी निघाला. एप्रिल १८३३ च्या अखेरीस त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि ३० मे रोजी लंडनमध्ये त्याचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचा पुतळा आहे. लँगहोमजवळच्या टेकडीवर, त्याच्या बालपणीच्या खोऱ्यावर लक्ष ठेवीत, त्याच्या स्मरणार्थ एक उंच दगडी स्तंभ उभा आहे.

पण आठ लाखांच्या कराराची गोष्ट त्याच्याबरोबर संपली नाही. बाजीराव कानपूरजवळ बिठूरला जाऊन राहिला होता. शरण आला तेव्हा तो त्रेचाळीस वर्षांचा होता, आणि माल्कमच्या मागे तो आणखी जवळजवळ अठरा वर्षे जगला. जानेवारी १८५१ मध्ये तो वारला, तोवर कंपनीने त्याच्यावर अडीच कोटींहून अधिक रुपये खर्च केले होते. त्याचा दत्तक पुत्र नानासाहेब याने तनखा पुढे चालू ठेवावा, असा अर्ज केला. अर्जाचा आधार माल्कमच्या कराराचाच होता. निर्वाह बाजीरावाचा आणि कुटुंबाचा असे लिहिले असताना, कुटुंब उरले असता तो थांबतो कसा, असा प्रश्न त्यात होता. लॉर्ड डलहौसीच्या सरकारने उत्तर दिले, की तनखा बाजीरावाच्या हयातीपुरता होता आणि त्याने मागे ठेवलेली संपत्ती घरच्यांना पुरेशी आहे. नानासाहेबाने अजीमुल्ला खानाला लंडनला पाठवून दाद मागितली. तेथेही नकारच मिळाला. करार करणारा माणूस हयात असता तर त्याने त्या एका शब्दाचा अर्थ काय सांगितला असता? ग्वाल्हेरच्या वेळी शब्दांचा कीस काढण्यापेक्षा समोरच्याची समजूत त्याने मोठी मानली होती, एवढेच आपण सांगू शकतो.

१८५६ मध्ये जॉन विल्यम के याने लिहिलेले माल्कमचे दोन खंडी चरित्र लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. पुढल्या वर्षी जूनमध्ये कानपूरला उठाव झाला आणि नानासाहेबाने स्वतःला पेशवा म्हणून घोषित केले. जुलै १८५७ मध्ये हॅवलॉकची फौज बिठूरला पोहोचली, तेव्हा वाडा रिकामा होता. इंग्रजांनी त्याला आग लावली.